तुम्ही विचारलंत म्हणून: मायक्रोआरएनएचं औषध मिळेल का?

वाशीला कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवते, राहते खारघरला. टाटाचं कॅन्सर केंद्र 'अ‍ॅक्ट्रेक' इथलंच, त्यामुळे सोसायटीत कुणाकडे ना कुणाकडे उपचारांसाठी आलेलं गावचं माणूस असतं. मग प्रश्न येतो: "मॅडम, पोटाचा कॅन्सर रोखणारं मायक्रोआरएनए सापडलंय म्हणे. आमच्या बाबांना मिळेल का?"

सापडलंय, हे खरं. मायक्रोआरएनए म्हणजे जेमतेम 22 अक्षरांचा आरएनएचा धागा. पहिला 1993 मध्ये एका सूक्ष्म कृमीत सापडला. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकुन यांना त्याबद्दल 2024 चं नोबेल मिळालं. प्रथिनाची कृती घेऊन निघालेल्या आरएनएला हा धागा चिकटतो आणि ते प्रथिन बनूच देत नाही. 34ए नावाचा धागा असाच पेशीचं मरण टाळणाऱ्या बीसीएल-2 ला आणि वाढीला चिथावणाऱ्या मेटला आवरतो. जठराच्या गाठीत 148ए, 375 असे आवर घालणारे धागे बऱ्याचदा घटलेले आढळतात. काहींच्या जनुकांवर मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट बसून ती बंद पडलेली असतात. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू वर्षानुवर्षं जठरात ठाण मांडून बसला की असं मिथाइल चढणं वाढतं. सगळेच धागे मात्र गुणाचे नाहीत. 21 नंबरचा गाठीत वाढतो आणि पीटेन या रक्षक प्रथिनालाच दाबतो.

मग घटलेला धागा बाहेरून द्यावा की! प्रयोगशाळेतल्या पेशींत आणि उंदरांत त्याने गाठीची वाढ मंदावते. माणसांतही करून पाहिलं. 34ए ची नक्कल चरबीच्या सूक्ष्म कणांत भरून शिरेतून देण्याची चाचणी 2013 मध्ये सुरू झाली, यकृतासह वेगवेगळ्या अवयवांच्या वाढलेल्या कॅन्सरसाठी. काहींच्या गाठी आकसल्या. पण प्रतिकारशक्ती भडकून काही रुग्ण दगावले आणि 2016 मध्ये ती थांबवावी लागली. हे मी कुणालाही सांगायचं टाळत नाही. ती माणसंही आपल्या बाबांसारखीच आशेने आली होती.

म्हणून, आज नाही. कुणी हे औषध म्हणून विकत असेल तर एक पैसा देऊ नका. त्यापेक्षा डॉक्टरांना विचारा, गाठीची हर-2 (पेशींना वाढायला लावणारं प्रथिन) आणि एमएसआय (डीएनएतल्या चुका दुरुस्त न होण्याची खूण) तपासणी झाली का. त्यावर चालणारी औषधं आज हातात आहेत. आणि तुम्ही मुलं, भावंडं, स्वतःची पायलोरीची तपासणी करायची का, हेही त्याच भेटीत विचारून घ्या. श्वासावरून किंवा शौचावरून ती होते, आणि जिवाणू निघालाच तर अँटिबायोटिकच्या कोर्सने तो घालवता येतो.