फिलाडेल्फियाचा शर्ट, १७८० : बाह्या लागल्या

दोन्ही बाह्या बॉडीला जोडून झाल्या. आता कॉलर, कफ, काजं-बटणं आणि नाव एवढं उरलंय. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते: अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फिलाडेल्फियाच्या बायकांनी जॉर्ज वॉशिंग्टनच्या सैनिकांसाठी शर्ट शिवले होते. त्या काळच्या पद्धतीचा लिननचा शर्ट मी शिवतेय, सगळा हाताने.

या शर्टाच्या बेतण्यात गोलाई कुठेच नाही, सगळे आयत आणि चौकोन. पुढचा-मागचा भाग म्हणजे खांद्यावर दुमडलेला एकच लांब तुकडा. गळ्याला आडवी चीर, तिथून छातीपर्यंत उभी चीर. बाह्या सरळ आयताच्या. हात वर जावा म्हणून बगलेत चौकोनी कळी, आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना छोटा चौकोन तिरका दुमडून. कापड जवळजवळ वाया जातच नाही.

खरा वेळ गेला तो बाहीच्या चुण्यांत. धावदोऱ्याच्या दोन समांतर ओळी घालायच्या, दोरा ओढायचा, मग सुईच्या टोकाने एकेक चुणी उभी करायची आणि प्रत्येक चुणीत वेगळा टाका घ्यायचा. मशीनच्या चुण्या चेपल्यासारख्या दिसतात, या उभ्या राहतात. दोरा मेणावरून ओढून घेतला तर गुंतत नाही आणि टाका घट्ट बसतो. आतल्या सगळ्या कडा दुमडून तुरपाई केली, कारण हा शर्ट दिवसरात्र अंगात असायचा, झोपतानाही. उघडी कड ठेवली असती तर धुण्यात उसवलीच असती.

शिवताना मनात सारखी या मोहिमेची सुरुवात करणारी एस्थर रीड असते. जन्म लंडनचा, नवरा जोसेफ रीड पेनसिल्व्हेनियाच्या कार्यकारी मंडळाचा अध्यक्ष. मे १७८० मध्ये दक्षिणेतलं चार्ल्सटन बंदर ब्रिटिशांच्या हाती पडलं, सैन्याचे हाल चाललेले. जूनमध्ये एस्थरने पत्रक छापून सैनिकांसाठी पैसे जमवायला बायकांना हाक दिली. शहराचे भाग पाडले गेले आणि बायका दारोदार वर्गणी मागत फिरल्या. हे सभ्य घरातल्या बायकांना शोभत नाही, असं तेव्हा बोललंही गेलं. फिलिस नावाच्या एका कृष्णवर्णीय बाईने साडेसात शिलिंग दिले. अमेरिकेच्या बाजूने लढणारा फ्रेंच सेनाधिकारी लाफायेत याने बायकोच्या नावाने शंभर गिनी दिल्या. जुलैपर्यंत घसरलेल्या कागदी चलनात ३ लाख डॉलरहून जास्त रक्कम जमली.

एस्थरला हा पैसा प्रत्येक शिपायाच्या हातावर रोख, नाण्यांत ठेवायचा होता. शर्ट देणं सरकारचं कामच आहे, आमची भेट त्याच्या वरची असावी, असं तिचं म्हणणं. वॉशिंग्टनने नकार दिला: नाणी हातात आली की शिपाई दारूत घालवतील, शर्ट द्या. तिने पत्र लिहून आपली बाजू मांडली, पण शेवटी ऐकावं लागलं. मला तिचंच म्हणणं पटतं. ज्या शिपायाला महिनोन्‌महिने धड पगार नव्हता, त्याला आपल्या मर्जीने खर्चायला दोन डॉलर मिळाले असते तर काय बिघडलं असतं?

सप्टेंबरमध्ये एस्थर आमांशाने गेली, वय अवघं ३३. पुढचं काम बेंजामिन फ्रँकलिनची मुलगी सारा बाश हिने हाती घेतलं. लिनन विकत घेतलं आणि शिलाईचा खर्च वाचावा म्हणून बायकांनी स्वतः शिवलं. दोन हजारांवर शर्ट तयार झाले. डिसेंबरमध्ये शास्तेल्यू हा फ्रेंच सेनाधिकारी साराच्या घरी गेला, तेव्हा त्याला ते रचून ठेवलेले दिसले. प्रत्येक शर्टावर तो शिवणारीचं नाव होतं, हे त्याने नोंदवून ठेवलंय.

या एका नोंदीसाठी मी हा शर्ट निवडला. भेटीचं रूप वॉशिंग्टनने ठरवलं, पण ती कोणाच्या हातची हे शिपायाला कळलंच पाहिजे, एवढं बायकांनी सोडलं नाही.

नाव मी लाल दोऱ्याने, बारीक फुलीच्या टाक्यात घालणार आहे. घरच्या कपड्यांवर खूण म्हणून अक्षरं घालायची तेव्हाची ही रूढ पद्धत. छातीवरच्या चिरेच्या टोकाशी हृदयाच्या आकाराचं छोटं ठिगळ लावायचंय, म्हणजे चीर पुढे फाटणार नाही. बटणं दोऱ्याचीच, कड्यावर विणून करायची. बारीक लिनन दोरा पुण्या-मुंबईत कुठे मिळतो हे कोणाला माहीत असेल तर जरूर कळवा. कफची काजं त्याच दोऱ्याने करायची आहेत.