चेट्टिनाडच्या वाड्यांत चार दिवस, आईसोबत

आईचे गुडघे दुखतात, म्हणून खोली ठरवताना मी फोनवर एकच गोष्ट तीनदा विचारली होती: खोली तळमजल्यावर आहे ना? "आहे" म्हणाले, आणि होतीही. पण चेट्टिनाडच्या घरांचं जोतं चांगलं पुरुषभर उंच असू शकतं हे मला ठाऊक नव्हतं. रस्त्यापासून सात पायऱ्या, कठडा नाही, वर गेल्यावर वीतभर उंचीचा उंबरठा आणि आत आणखी दोन उंबरठे. आई धरून धरून चढली, दारात पोचली आणि तिथेच थांबली. मला वाटलं दम लागला. ती म्हणाली, "अगं, इथून मागचं दार दिसतंय बघ."

खरंच दिसत होतं. पुढचं दार, मग बैठकीची जागा, मग चौक, मग दुसरा चौक, स्वयंपाकघर आणि शेवटी मागच्या गल्लीत उघडणारं दार, सगळं एका रेषेत. घर या रस्त्यापासून त्या रस्त्यापर्यंत. आईचं माहेर सदाशिव पेठेतलं, दोन चौकी वाड्यातलं. तो वाडा १९९४ साली पाडला, तिथे आता पाच मजली इमारत आहे. तेव्हापासून ती एकदाही त्या बोळातून गेलेली नाही. तिला पुन्हा एकदा चौकाच्या घरात झोपायला मिळावं, एवढ्याचसाठी मी ही सहल आखली होती.

चेट्टिनाड म्हणजे तमिळनाडूतल्या शिवगंगा आणि पुदुकोट्टै जिल्ह्यांतली सत्तरेक गावं, मधलं मोठं गाव कारैकुडी. ही नाट्टुकोट्टै चेट्टियारांची, म्हणजे नगरत्तारांची गावं. व्यापार आणि सावकारी हा त्यांचा पेशा. इंग्रजांच्या काळात त्यांच्या पेढ्या सिलोन, मलाया आणि मुख्यतः ब्रह्मदेशात होत्या. इरावतीच्या खोऱ्यातल्या भातशेतीला कर्ज पुरवणारे तेच. माणसं तिकडे कमवायची आणि घरं इकडे बांधायची. साधारण १८५० ते १९४० या काळात हजारो घरं उभी राहिली: ब्रह्मदेशी सागवानाचे खांब, इटलीचा संगमरवर, बेल्जियमचे आरसे. १९४२ साली जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला, पुढे स्वतंत्र झालेल्या ब्रह्मदेशाने जमिनींचं राष्ट्रीयीकरण केलं, आणि पैशाचा झराच आटला. घरं राहिली, ती चालवणारं उत्पन्न राहिलं नाही.

पुढचं आपल्याला सांगायला नको. एका घराचे वीस-पंचवीस वारस, कुणी चेन्नईत, कुणी सिंगापुरात. सगळ्यांच्या सह्या जुळल्याशिवाय विकता येत नाही आणि दुरुस्तीला पैसे कुणी एकट्याने घालायचे हा प्रश्न. त्यामुळे कित्येक घरांना वर्षभर कुलूप, एक राखणदार, आणि लग्नकार्याला तेवढी सगळी मंडळी जमणार. आमच्या वाड्याचंही हेच झालं होतं, फक्त आमच्याकडे सह्या लवकर जुळल्या. म्हणूनच इथली काही घरं आता पाहुण्यांसाठी उघडली आहेत याचं मला मनापासून कौतुक वाटतं. २०१४ साली ही गावं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आली आहेत. पण छपराची कौलं परतायला लागणारा पैसा त्या खोल्यांच्या भाड्यातूनच यायचा आहे.

आम्ही गेलो कसे ते सांगते. पुण्याहून विमानाने चेन्नई, तिथून एग्मोर स्टेशनवरून दुपारी सुटणारी पल्लवन एक्स्प्रेस. ती रात्री कारैकुडीला पोचवते. येताना मदुरैहून विमान धरलं. मदुरै किंवा तिरुचिरापल्ली, दोन्हीकडून गाडीने सुमारे दोन तास लागतात. वयस्क माणूस बरोबर असेल तर सरळ मदुरैला उतरा आणि गाडी करा. रात्री उशिरा स्टेशनवर सामान ओढत फिरणं आम्हाला जड गेलं.

त्या पहिल्या रात्री आणखी एक फटका बसला. रात्री गाव गाठायला नको म्हणून कारैकुडीतच एक जागा घेतली होती. फोटोत कोरीव दार, खांब, झोपाळा. प्रत्यक्षात जुनं घर नुसतं पुढे शोभेला, आणि आमची खोली मागच्या परसात नव्याने बांधलेल्या स्लॅबच्या इमारतीत. पैसे मात्र वारशाचे घेतले. फसवणूक म्हणता येणार नाही, कारण मी विचारलंच नव्हतं. तेव्हा तुम्ही विचारा: "खोली जुन्या घरात आहे की नव्या भागात?" आणि त्या विशिष्ट खोलीचा फोटो मागवा. पुढचा प्रश्न खिडकीचा. चौकाभोवतीच्या मूळ खोल्या एकेका लग्न झालेल्या मुलाच्या नावाच्या, सामान आणि देव ठेवायच्या. अरुंद आणि अंधाऱ्या. माणसं झोपायची ती ओसरीवर. चांगल्या जागी दोन खोल्यांची एक करून न्हाणीघर काढलेलं असतं, पण सगळीकडे नाही. बाथरूमला पायरी आहे का, हेही विचारून घ्या. आणि लग्नाची तिथी असेल तर घर कुटुंबाकडे राहतं, तेव्हा तारखा आधी पक्क्या करा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही कानाडुकात्तानच्या बाजूला एका गावात हललो. ज्या घरात राहिलो त्याचं नाव इथे घालत नाही, एकाच घराची शिफारस वाटायला नको. पर्याय भरपूर आहेत. कानाडुकात्तानमधलं विशालम हे एका वडिलांनी मुलीसाठी बांधलेलं घर, १९३०च्या दशकातल्या धाटणीचं. कोत्तमंगलमचं सारदा विलास दोन फ्रेंच वास्तुविशारदांनी दुरुस्त केलं. ज्यांना बांधकामात रस आहे त्यांनी तिथे जावं. तिरुमयमजवळ कडियापट्टीचं चिदंबर विलास सगळ्यात भपकेदार. कारैकुडीतलं बंगला हे वाडा नाही, नावाप्रमाणे बंगला आहे, पण जेवणासाठी त्याचं नाव मोठं. तिथे मुक्काम नसला तरी आधी कळवून केळीच्या पानावरचं दुपारचं जेवण घेता येतं. थंडीत दर चांगलेच चढतात. माझं मत विचाराल तर चार रात्री मध्यम जागी काढण्यापेक्षा दोनच रात्री खऱ्या घरात काढा.

आणि त्या दोन दिवसांतली एक दुपार पूर्ण घरात घालवा. हे मी आग्रहाने सांगते, कारण लोक सकाळी नाश्ता करून जी गाडी काढतात ती अंधार पडल्यावरच परततात, आणि घर बघायचं राहून जातं. घरापुढच्या ओट्याला इथे तिण्णै म्हणतात. वाटसरूला टेकायला जागा, व्यवहाराची बोलणीही तिथेच. आतला चौक म्हणजे मुट्रम, भोवतीचा सोपा म्हणजे वळवु. दुपारी दोनला बाहेर ऊन रणरणत असताना आम्ही वळवुच्या खांबाला पाठ लावून बसलो होतो आणि अंगावर वारा येत होता. पंखा बंद होता. चौकातली तापलेली हवा वर जाते आणि समोरासमोरच्या दारांतून गार हवा आत ओढली जाते. छपराचं पाणी चौकात उतरतं, तिथून गटारीने गावच्या तळ्यात, ऊरणीत जातं. म्हणून या कोरड्या मुलखातही तळी भरतात.

भिंतीला हात लावून बघा. मी आधी संगमरवर समजले. तो चुन्याचा गिलावा आहे: चुना, बारीक वाळू, हिरड्याचं पाणी, गूळ आणि अंड्यातला पांढरा बलक, थरावर थर देऊन घोटलेला. अजूनही त्यात अंधुक प्रतिबिंब दिसतं. आई बराच वेळ त्यावर तळवा फिरवत होती. म्हणाली, "आमच्याकडे मातीच्या भिंती होत्या, दर दिवाळीला पोतेरं घ्यायचो. पण हा गारवा तोच."

स्वयंपाकघराची गोष्ट सांगितलीच पाहिजे. पाहुण्यांना स्वयंपाक बघायचा असेल तर बऱ्याच घरांत बोलावतात, आदल्या दिवशी सांगून ठेवा. स्वयंपाकीण बाईंना मराठी-हिंदी येत नव्हतं, आईला तमिळ येत नव्हतं. आईने त्यांना "अक्का" म्हटलं, आणि ती हाक दोन्हीकडची निघाली. त्यांनी पाट्यावर मसाला घेतला: धने, बडीशेप, मिरी, लाल मिरच्या, आणि एका डब्यातून काळसर-राखाडी पापुद्रे काढले. आईने चिमूटभर उचलून नाकाशी नेले आणि म्हणाली, "दगडफूल!" तेच होतं. तिकडे त्याला कल्पासी म्हणतात. आपल्या गोड्या मसाल्याची तर ओळखच ते. मग त्यांनी लवंगेसारखी पण लवंगेहून बरीच मोठी वाळलेली कळी दाखवली आणि नाव सांगितलं: "मराठी मोग्गू." आई माझ्याकडे बघायला लागली. ती सावरीची कळी, आणि आपल्या घरात मी ती कधी पाहिलेली नाही. दुकानात हेच नाव घेऊन मागितली की मिळते. आम्ही पावशेर आणली.

जेवणात आम्हा शाकाहारी माणसांची काही अडचण झाली नाही, फक्त चेट्टिनाड म्हटलं की समोरचा कोंबडीच धरून चालतो, तेव्हा खोली ठरवतानाच सांगा. कुळि पणियारम म्हणजे आपले आप्पेच. कवुनी अरिसी हा काळा चिकट तांदूळ ब्रह्मदेशातून आलेला, नारळ-साखर घालून गोड करतात. तो चुकवू नका.

आत्तंगुडीच्या फरश्या बघायला अर्धा दिवस ठेवा. गावात अनेक छोटे कारखाने आहेत, आत जाऊन बघू देतात. जमिनीवर काचेचा तुकडा, त्यावर पत्र्याची चौकट आणि नक्षीचा साचा. कारागीर पळीने एकेक रंग साच्याच्या खान्यात ओततो, लाल, पिवळा, हिरवा, मग साचा अलगद उचलतो आणि रंग एकमेकांत मिसळत नाहीत. हे मी चार वेळा बघितलं, चारही वेळा श्वास रोखून. वरून सिमेंट-वाळूची कोरडी भुकटी, मग ओला माल, थापीने दाबून सारखा. वाळल्यावर फरशी पाण्याच्या हौदात मुरवतात. काच सुटते तेव्हा खालची बाजू काचेसारखीच गुळगुळीत निघते. भट्टी नाही, पॉलिश नाही. वापराने तुकतुकी वाढत जाते. फरशा वजनाला फार जड, विमानात चार-पाचच्या वर नेऊ नका. जास्त हव्या असतील तर कारखानेच मालवाहतुकीने पाठवतात. त्याच गावात एक मोठं घर थोडं शुल्क घेऊन बघू देतात, तेही बघा.

कारैकुडीच्या मुनीश्वरन कोविल रस्त्यावर जुन्या वस्तूंची दुकानं आहेत. सगळे सांगतात म्हणून गेलो. पितळेची भांडी, इनॅमलचे डबे, आरसे, इथपर्यंत ठीक होतं. मग एका दुकानामागे सागवानी खांब आडवे रचलेले दिसले, शेजारी दाराच्या चौकटी, त्यावर अजून हळदीकुंकवाची बोटं. आई म्हणाली, "चल, मला नाही बघायचं." आम्ही निघालो. घ्यायचं असेल तर घ्या, कुणाला बोल लावत नाही. परदेशात राहणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवा: शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू देशाबाहेर नेणं १९७२च्या कायद्याने बंद आहे.

पिळ्ळैयारपट्टीला जाऊन या. खडकात कोरलेला गणपती, उजव्या सोंडेचा आणि दोनच हातांचा. नगरत्तारांच्या नऊ कुलमंदिरांपैकी ते एक. सकाळी लवकर गेलात तर गर्दी कमी. तिरुमयमचा किल्ला १६८७चा, चढ सोपा, पण आई खालीच बसली. एक दिवस जास्तीचा असेल तर तंजावर गाडीने अडीच तासांच्या आत आहे. बृहदीश्वराच्या आवारात भिंतीवर कोरलेला, १८०३ साली पुरा झालेला मराठी शिलालेख आणि सरफोजीराजांचं सरस्वती महाल ग्रंथालय, दोन्ही बघण्यासारखी.

जायचं तर डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी. त्याआधी ऑक्टोबरपासून तिकडचा पाऊस असतो. पोंगलला, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास दारोदारी मोठमोठे कोलम, म्हणजे रांगोळ्या, काढतात, पण घरमालकांची माणसं आलेली असल्याने खोल्या मिळणं अवघड. आम्ही जानेवारीच्या शेवटी गेलो, ते बरं पडलं.

निघायच्या सकाळी मी बिलाचं बघत होते. आई वळवुत एकटीच फिरत होती, एकेका खांबापाशी थांबत. आठव्यापाशी आली तेव्हा मला हाक मारून म्हणाली, "आमच्याकडे बारा होते. मोजलेच नव्हते मी कधी, आत्ता आठवले."

आत्तंगुडीच्या चार फरश्या आम्ही कपड्यांत गुंडाळून आणल्या. आईने त्या गॅलरीत तुळशीच्या कुंडीखाली मांडल्या आहेत. कारखान्यातल्या माणसाने सांगितलं होतं तसं आठवड्यातून एकदा खोबरेल तेलाचा बोळा फिरवते.