बोहोची औषधी माती: फर्मानाला जाणार असाल तर आधी हे वाचा

आयर्लंडच्या घरगुती औषधांबद्दल खूप वाचलं होतं त्यामुळे बोहोला जायचंच होतं. पण पहिली गोष्ट व्हिसा! हे गाव फर्माना काउंटीत, म्हणजे नॉर्दर्न आयर्लंडमध्ये, तिथे यूकेचे नियम. बॉर्डरवर कोणी अडवत नाही म्हणून नुसत्या आयरिश व्हिसावर जाऊ नका, व्हिझिट व्हिसावर बीआयव्हीएस (ब्रिटिश-आयरिश व्हिसा स्कीम, म्हणजे दोन्हीकडे चालणारा व्हिसा) लिहिलेलं असेल तर ठीक, डब्लिनला राहणाऱ्यांना आयआरपी, म्हणजे आयर्लंडचं रहिवासी कार्ड, असलं तरी यूकेचा व्हिसा वेगळा लागतो. जवळच्या एनिस्किलन शहरापर्यंत डब्लिनहून थेट बस आहे, पुढे टॅक्सी, परतीचं आधीच ठरवून ठेवा, आणि पैसे पाउंडात.

सेक्रेड हार्ट चर्चच्या आवारात फादर जेम्स मॅकगिर यांची कबर आहे. ते 1815 मध्ये गेले, आणि मी जे बरं करायचो ते माझ्यावरची मातीही करेल असं सांगून गेले अशी तिथली श्रद्धा. दातदुखी, घसा, कसलंही इन्फेक्शन असलं की लोक चिमूटभर माती कापडात बांधून उशीखाली ठेवतात, अगदी आपल्याकडच्या अंगाऱ्यासारखी, फक्त चौथ्या दिवशी ती परत कबरीवर नेऊन टाकायची. मला हा परत करण्याचा भाग फार आवडला.

आणि 2018 मध्ये स्वान्सी युनिव्हर्सिटीच्या टीमला, त्यातले गेरी क्विन पूर्वी याच भागात राहायचे, या मातीत स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूची नवी जात सापडली, जी लॅबमध्ये एमआरएसएसारख्या, म्हणजे अँटिबायोटिक्सना दाद न देणाऱ्या, हट्टी जंतूंची वाढ रोखते! पण ते लॅबमधलं, म्हणून जखमेला माती लावू नका, ताप असेल तर सरळ डॉक्टर गाठा. परत येणं जमणार नसेल तर माती उचलूच नका, आठवण म्हणून भारतात तर अजिबात नेऊ नका, गावकऱ्यांच्या दृष्टीने ती कबर आहे.

पायवाटांवर खाजकुयलीसारखी आग करणारी नेटल खूप, फुल पॅन्ट घाला. लागलीच तर तिथले लोक डॉकचं रुंद पान चोळतात. कुणाकडे नागीण किंवा गजकर्णाचा 'क्युअर' असतो, घराण्यात चालत आलेला, त्याचे पैसे घेत नाहीत आणि थँक यूसुद्धा म्हणायचं नसतं, तेव्हा पाकीट काढू नका.

जाण्याआधी आयरिश लोकपरंपरेच्या डूखस (duchas.ie) साइटवर 1937 ते 1939 मध्ये शाळेतल्या मुलांनी आजी-आजोबांना विचारून लिहिलेल्या वह्या वाचा, फुकट आहेत, त्यात खोकल्याला दुधात उकळलेलं कॅरागीन शेवाळ वगैरे सगळं सापडतं.