ओपनमीडियाव्हॉल्ट ६ वरून ७: अपग्रेड सरळ झालं, शेअर्ड फोल्डर रुसले

सध्याची स्थिती आधी. नॅस, म्हणजे घरच्या फायली नेटवर्कवरून पुरवणारं मशीन, ओपनमीडियाव्हॉल्ट (ओएमव्ही, नॅस चालवणारी प्रणाली) ७ वर आलाय, खाली डेबियन १२ लिनक्स, कर्नल ६.१. दोन्ही डेटा डिस्क जागच्या जागी माउंट होतात, लिनक्स लॅपटॉपवरून शेअर उघडतात आणि आता विंडोज ११ वरूनही उघडतात. राहिलंय ते स्कॅनरचं दुखणं आणि मराठी नावांच्या काही फायली. मशीन साधंच: चौथ्या पिढीचा आय-५, ८ जीबी डीडीआर३, सिस्टिमसाठी १२० जीबीची एसएसडी, डेटासाठी ४ टीबीच्या दोन डिस्क, दोन्ही ईएक्सटी४ (लिनक्सची फाईल सिस्टिम). रेड (डिस्क एकत्र बांधून चालवणं) नाही, पहिल्या डिस्कवरचा डेटा रोज रात्री आरसिंकने दुसरीवर जातो.

अपग्रेडच्या आधी

ओएमव्ही ५ डेबियन १० वर चालतं, ६ डेबियन ११ वर आणि ७ डेबियन १२ वर. एका वेळी एकच पायरी चढायची. पाचवरून थेट सातवर जायच्या भानगडीत पडू नका. त्यापेक्षा एसएसडीवर नवं इन्स्टॉलेशन करून डेटा डिस्क परत जोडणं कमी वेळखाऊ.

सिस्टिम एसएसडीची क्लोनझिलाने इमेज काढून ठेवा. क्लोनझिला फक्त वापरलेले ब्लॉक उचलतं, त्यामुळे १२० जीबीच्या एसएसडीची इमेजही काही जीबीतच भागते. शिवाय /ईटीसी/ओपनमीडियाव्हॉल्ट/कॉन्फिग.एक्सएमएल ही एक फाईल वेगळी कॉपी करून ठेवा. वेब इंटरफेसमध्ये केलेली जवळजवळ प्रत्येक सेटिंग तिच्यात असते, आणि शेअरचं किंवा युजरचं काही आठवेनासं झालं तर तीच कामाला येते.

मग या गोष्टी तपासायच्या. ‘डीएफ -एच’ लावून रूट पार्टिशनवर चार-पाच जीबी मोकळे आहेत ना ते बघा. नसतील तर ‘एपीटी क्लीन’ आणि जुने लॉग. ‘एपीटी-मार्क शोहोल्ड’ने काही निघालं तर होल्ड काढा, नाहीतर अपग्रेड मध्येच अडतं. ‘डीपीकेजी --ऑडिट’ने काहीच दाखवता कामा नये. डिस्कच्या स्मार्ट तक्त्यात (डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद) ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या ओळींतले आकडे, म्हणजे खराब सेक्टरांची मोजणी, शून्य असावेत. १९९ वाढलेला असेल तर बहुतेक वेळा साटा केबल बदलायची वेळ आलेली असते, डिस्क नव्हे.

सगळ्यात जास्त अपग्रेड फसतात ते हाताने जोडलेल्या रेपॉझिटरींमुळे (पॅकेजं जिथून येतात ते स्रोत). /ईटीसी/एपीटी/सोर्सेस.लिस्ट.डी या फोल्डरमधल्या फायली उघडून बघा. डॉकरची (कंटेनर चालवणारा प्रोग्रॅम) किंवा आणखी कुठली ओळ ‘बुल्सआय’ या डेबियन ११ च्या नावावर अडकलेली असेल, तर तिच्यापुढे हॅश टाकून ती झाकून ठेवा. ओएमव्ही स्वतःच्या आणि डेबियनच्या ओळी ‘बुकवर्म’वर (डेबियन १२) नेतं, तुम्ही घुसवलेल्या ओळींची जबाबदारी तुमचीच.

प्रत्यक्ष अपग्रेड

वेब इंटरफेसमधून नको. अपग्रेड चालू असताना वेब सर्व्हर स्वतःच बंद-चालू होतो, आणि पान गोठलं की आत काय चाललंय ते कळत नाही. एसएसएचने (दुसऱ्या मशीनवरून टर्मिनल) रूट म्हणून आत जा, आधी ‘टीमक्स’ सुरू करा आणि त्यात काम करा. वायफाय तुटलं तरी प्रक्रिया चालू राहते. परत लॉगिन करून ‘टीमक्स अटॅच’ केलं की तीच खिडकी समोर येते. नॅस यूपीएसवर असतो, पण राउटर नसतो, हे बऱ्याच घरांत विसरलं जातं.

क्रम असा: पहिल्यांदा ‘ओएमव्ही-अपग्रेड’, म्हणजे सहाची शेवटची आवृत्ती येते. रीबूट. मग ‘ओएमव्ही-रिलीज-अपग्रेड’. पॅकेज अर्ध्यात अडकलं तर घाबरून रीबूट मारू नका. ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, त्यानंतर ‘एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’, आणि मग रिलीज-अपग्रेड पुन्हा.

सगळं उरकल्यावर रीबूट करून ‘डीपीकेजी -एल’च्या यादीत ओपनमीडियाव्हॉल्ट नावाची पॅकेजं शोधा. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ‘आयआय’ हवं आणि आवृत्ती ७ ने सुरू व्हायला हवी (कीरिंगचं पॅकेज अपवाद). एखादं प्लगइन सहावरच राहिलं असेल तर ते काढून टाका; तेच पुढे सॉल्टला (ओएमव्हीच्या सेटिंगवरून कॉन्फिग फायली लिहिणारा भाग) ठेच लावतं.

वेब पान उघडल्यावर ‘५०२ बॅड गेटवे’ दिसला तर कारण बहुधा पीएचपी. डेबियन ११ मध्ये पीएचपी ७.४ होतं, १२ मध्ये ८.२ आहे, आणि वेब सर्व्हर एन्जिनएक्स जुन्याच सॉकेटकडे बोट दाखवत बसतो. ‘ओएमव्ही-सॉल्ट डिप्लॉय रन पीएचपीएफपीएम एन्जिनएक्स’ एवढी एक ओळ पुरते. पान उघडतंय पण मेनू अर्धाच दिसतोय, तर दोष ब्राउझरच्या कॅशचा, कंट्रोल-शिफ्ट-आर.

शेअर उघडेना: दोष कुणाचा ते आधी ठरवा

अपग्रेडनंतर विंडोजवाला म्हणतो ‘शेअर गेला’, आणि सगळे ओएमव्हीला शिव्या घालतात. बऱ्याचदा त्याच सुमारास विंडोजही अपडेट झालेलं असतं. म्हणून तपास नेहमी नॅसच्या आतून बाहेर करायचा.

पहिलं, नॅसवरच ‘टेस्टपार्म -एस’. शेअर यादीत दिसला तर सांबाची, म्हणजे विंडोजला शेअर देणाऱ्या प्रोग्रॅमची, फाईल ठीक. मग नॅसवरूनच ‘एसएमबीक्लायंट’ने लोकलहोस्टवरचा तो शेअर, खरं युजरनेम देऊन, उघडा. इथे फायली दिसल्या तर सांबा, युजर आणि पासवर्ड तिन्ही शाबूत आहेत आणि गुन्हेगार नेटवर्कवर किंवा विंडोजमध्ये आहे. इथेच नाही म्हणालं तर विंडोजकडे बघूही नका.

युजर सांबाच्या वहीत आहे का ते ‘पीडीबीएडिट -एल’ने कळतं (एल मोठा). लिनक्सचा पासवर्ड आणि सांबाचा पासवर्ड या दोन वेगळ्या नोंदी असतात. टर्मिनलमध्ये ‘पासडब्ल्यूडी’ने बदललेला पासवर्ड सांबाला कळत नाही. वेब इंटरफेसमधून पासवर्ड पुन्हा टाकून सेव्ह करा, दोन्हीकडे एकदम लागतो.

आता विंडोज. नॅसवर क्लिक केल्यावर तो पासवर्ड विचारतो की न विचारताच हाकलतो, एवढं बघितलं तरी अर्धं निदान होतं. विचारतो आणि पुन्हा पुन्हा विचारतो, तर युजर ओळखीचा आहे पण पासवर्ड चुकतोय. न विचारता ‘तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे गेस्ट प्रवेश बंद’ अशा अर्थाचा संदेश येतो, तर आत असं घडलेलं असतं: विंडोजने आपलं स्वतःचं लॉगिन नाव पाठवलं, ते नाव सांबाला माहीत नाही, ‘मॅप टू गेस्ट = बॅड युजर’ या सेटिंगमुळे सांबाने त्याला पाहुणा म्हणून आत घ्यायची तयारी दाखवली, आणि विंडोजने पाहुणा म्हणून जायला नकार दिला. दार नॅसने उघडलं होतं, पाय मागे घेतला तो विंडोजने.

२०२४ च्या विंडोज ११ २४एच२ पासून हे प्रो आवृत्तीतही चालू झालं; एंटरप्राइझमध्ये ते आधीपासूनच होतं. शिवाय २४एच२ ला जोडणीवर एसएमबी (विंडोजचा फाईल-शेअरिंग प्रोटोकॉल) सायनिंग, म्हणजे संदेशांवर सही, हवं असतं, आणि पाहुण्याच्या जोडणीला सही करता येत नाही, कारण सहीसाठी लागणारी किल्ली पासवर्डातूनच बनते. पॉवरशेलमधून दोन्ही नियम सैल करता येतात आणि इंटरनेटवर तोच सल्ला जागोजागी सापडतो. आमचं मत: नको. त्यासाठी घरातल्या प्रत्येक लॅपटॉपची सुरक्षा उतरवावी लागते, तर नॅसवर एक युजर बनवायला दोन मिनिटं लागतात. सांबा ४.१७ सायनिंगला तयारच असतो, तिकडे काही करावं लागत नाही.

युजर बनवल्यावरही विंडोज जुनंच नाव पाठवत राहतो. क्रेडेन्शियल मॅनेजरमधली नॅसची जुनी नोंद काढा, कमांड प्रॉम्प्टवर ‘नेट यूझ * /डिलीट’ करा, मग नवीन जोडणी. एरर १२१९ आली तर त्याच सर्व्हरला दुसऱ्या नावाने आधीची जोडणी अजून उघडी आहे. एका विंडोज सेशनमधून एका सर्व्हरकडे एकच नाव चालतं. युजरनेमच्या खान्यात नुसतं नाव न टाकता ‘नॅसचं नाव\युजर’ असं टाका, म्हणजे मायक्रोसॉफ्ट खात्याचा ईमेल मध्ये घुसत नाही. विंडोजचा पिन इथे चालत नाही हेही घरच्यांना एकदा सांगून ठेवा.

नेटवर्कच्या यादीत नॅस दिसतच नाही, पण पत्ता टाकल्यावर उघडतो? मग शेअरचा दोष नाही. यादीत दिसण्याचं काम डब्ल्यूएसडीडी करतं, यूडीपी ३७०२ आणि टीसीपी ५३५७ वर. शेअर उघडायला फक्त टीसीपी ४४५ लागतो.

उघडतो, पण लिहू देत नाही

इथे परमिशनचे दोन थर आहेत आणि दोन्हींतून वाट हवी. वरचा थर शेअर्ड फोल्डरच्या ‘परमिशन्स’चा, तो सांबाच्या फाईलमध्ये रीड लिस्ट आणि राइट लिस्ट म्हणून उतरतो. खालचा थर डिस्कवरच्या खऱ्या लिनक्स परमिशनचा. वरून ‘रीड-राइट’ दिलं आणि खाली फोल्डर रूटच्या मालकीचा ७५५ असेल, तर फायली दिसतात पण सेव्ह होत नाहीत.

ओएमव्हीचा रिवाज असा: मालक रूट, गट युजर्स, फोल्डर २७७५, फाईल ६६४. पुढचा २ महत्त्वाचा. त्यामुळे आत बनणारी नवी फाईल आपोआप ‘युजर्स’ गटात जाते. बिघाड कुठे होतो? रूट म्हणून केलेल्या कॉपीत, रूट म्हणून चालणाऱ्या डॉकर कंटेनरमध्ये. कंटेनरला पीयूआयडी १००० आणि पीजीआयडी १०० द्या (१०० म्हणजे युजर्स गट, १००० सहसा पहिला युजर).

दुरुस्तीआधी ‘नेमआय -एल’ आणि पुढे पूर्ण पत्ता. मुळापासून प्रत्येक फोल्डरची परमिशन ते ओळीने दाखवतं, आणि मधल्याच एखाद्या फोल्डरला ‘एक्स’ (आत शिरायची परवानगी) नाही हे लगेच उघडं पडतं. ‘एलएस’च्या ओळीत शेवटी अधिकचं चिन्ह दिसलं तर जुने एसीएल (नेहमीच्या परमिशनवर चढवलेले जादा नियम) चिकटलेले आहेत, ‘सेटएफएसीएल -बी’ने ते झाडून टाका. घरगुती वापराला एसीएलची गरज सहसा पडत नाही, आणि ते वेब इंटरफेसमध्ये दिसायला सोपे असल्याने लोक उगाच टिकमार्क करत सुटतात. मग गट बदला, आणि ‘फाइंड’ला ‘-टाइप डी’ देऊन फोल्डरना २७७५, ‘-टाइप एफ’ देऊन फायलींना ६६४. हे सगळं करणारं रीसेटपर्म्स नावाचं प्लगइन ओएमव्ही-एक्स्ट्राज या जादा प्लगइनच्या संग्रहात आहे. डॉकरच्या कॉन्फिग फोल्डरवर यातलं काहीही चालवू नका, डेटाबेस कंटेनर उठायचा नाही. आणि ७७७ नकोच: त्याने फोल्डर आज उघडतो, पण नवी फाईल पुन्हा चुकीच्याच मालकाची बनते.

एसएमबी.कॉन्फ ही सांबाची फाईल हाताने सुधारू नका. पुढच्या ‘अप्लाय’ला सॉल्ट ती पुसून नव्याने लिहितो. वेगळी ओळ हवी असेल तर वेब इंटरफेसमधल्या एक्स्ट्रा ऑप्शन्समध्ये टाका.

राहिलेलं: स्कॅनर

जुने ऑल-इन-वन प्रिंटर ‘स्कॅन टू फोल्डर’साठी एसएमबी १ बोलतात. सांबाने २०१९ च्या ४.११ पासून ते मुळातच बंद ठेवलंय. एका स्कॅनरसाठी सगळ्या नॅसचं किमान प्रोटोकॉल खाली आणणं पटत नाही. एफटीपीचं प्लगइन टाकून, फक्त स्कॅनरसाठी वेगळा युजर आणि एकच फोल्डर, असा मार्ग धरलाय. प्रिंटरच्या मेनूत एफटीपी असतो का ते आधी बघून घ्या.

राहिलेलं: मराठी नावांच्या फायली

एनटीएफएस (विंडोजची फाईल सिस्टिम) डिस्कवरून कॉपी करताना ‘फाईल नेम टू लाँग’ येऊन काही फायली मागे राहतात, आणि त्या जवळजवळ सगळ्या देवनागरी नावांच्या असतात. एनटीएफएसमध्ये नावाची मर्यादा २५५ यूटीएफ-१६ एककं, म्हणजे देवनागरीची २५५ चिन्हं. ईएक्सटी४ मध्ये २५५ बाइट, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट. म्हणजे जास्तीत जास्त ८५ चिन्हं, त्यात काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजायचे आणि एक्स्टेंशनही. नाटकाचं नाव, पद, गायक, राग आणि साल एकाच नावात कोंबलेली नाट्यसंगीताची रेकॉर्डिंगं इथे हमखास अडकतात. कॉपीआधी नावं छोटी करणं हाच उपाय, ईएक्सटी४ मध्ये ही मर्यादा वाढवता येत नाही.

दुसरी गंमत: एकाच फोल्डरमध्ये ‘दुसऱ्या’ने सुरू होणाऱ्या, दिसायला हुबेहूब सारख्या दोन फायली. एका कीबोर्डने ऱ हे एकच चिन्ह टाकलेलं असतं, दुसऱ्याने र, हलन्त आणि मध्ये झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह. लिनक्ससाठी ही दोन वेगळी नावं, आणि आरसिंक दोन्ही इमानदारीत जपतो. मॅकच्या जुन्या एचएफएस+ डिस्कवरून आलेल्या नावांत ऱ आणखी तिसऱ्या रूपात, र आणि नुक्ता असा फोडून येतो. हे तिसरं रूप नावं बदलणाऱ्या ‘कॉन्व्हएमव्ही’ला ‘--एनएफसी’ देऊन दुरुस्त होतं. ‘--नोटेस्ट’ दिल्याशिवाय ते फक्त काय बदलेल ते दाखवतं, त्यामुळे आधी यादी वाचून घ्या. झेडडब्ल्यूजेवाली जोडी मात्र त्याला दिसत नाही. ती ‘एलएस’चं आउटपुट ‘एक्सएक्सडी’तून काढून, बाइट बघूनच वेगळी करावी लागते: झेडडब्ल्यूजे असेल तिथे ‘ई२ ८० ८डी’ हे तीन बाइट सापडतात.