पोत्याच्या तळाशी निघालेल्या शिवराया

जुने तांब्याचे पैसे आमच्याकडे किलोवर येतात आणि इथून नगावर जातात. मधलं काम माझं. पुण्यात कसबा पेठेत, तांबट आळीपासून जवळच, आमचं जुन्या नाण्यांचं दुकान आहे. पुढे काका, म्हणजे मालक, गिऱ्हाईक बघतात आणि मागच्या खोलीत मी माल निवडते. मोडवाल्यांनी गावोगावच्या घागरी-बंबांबरोबर वजनावर घेतलेले हे पैसे एरवी भट्टीत जायचे.

पोतं ओतलं की आधी लोहचुंबक फिरवायचा, वायसर आणि लोखंडी टिकल्या निघून जातात. मग खरी निवड हातानेच. राणीच्या छापाचा पाव आणा, म्हणजे जुना एक पैसा, आणि पंचम जॉर्जचा पाव आणा रुंदीला सारखेच दिसतात, पण राणीचा तांब्याचा आणि 6.47 ग्रॅमचा, तर जॉर्जचा ब्राँझचा, 4.86 ग्रॅमचा. 1906 मध्ये सरकारने तांबं सोडून ब्राँझ धरलं. त्या एका सालाचे पैसे दोन्ही धातूंत निघाले, म्हणून 1906 दिसलं की नाणं काट्यावर ठेवायचं. बाकीच्यांना काटा लागत नाही, तळहाताला कळतं. 1911 चा पैसा बाजूला काढायचा, कारण त्या वर्षी राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि 1912 पासून त्याची सोंड नीट केली. युद्धाच्या काळात तांबं वाचवायला काढलेले भोकाचे पैसे, 1950 पासूनचे घोड्याचे पैसे ढिगाने येतात आणि ढिगानेच जातात.

लोकांना मात्र प्रत्येक जुनं नाणं लाखाचं वाटतं. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं घेऊन माणसं रिक्षाने येतात. असल्या खरेदी-विक्रीच्या नावाखाली फसवणूक होते, सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये जाहीर केलं, तरी फोन थांबलेले नाहीत. आणि ज्या नाण्यात खरोखर काही असतं, ते हीच माणसं चिंच-मीठ लावून घासून आणतात. कळंक, म्हणजे तांब्यावरचा जुना थर, गेला की नाणं गुलाबी होतं, अक्षरांच्या कडा बोथट होतात, आणि मग त्याचं काही करता येत नाही.

शिवराईचा, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाच्या तांब्याच्या नाण्याचा, ढीग मी वेगळा ठेवते. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. 1674 च्या राज्याभिषेकापासून हे नाणं ओळखीचं झालं आणि पुढे पेशवाईत, एवढंच नव्हे तर 1818 नंतर इंग्रजांच्या अमलातही पडत राहिलं. म्हणून ‘शिवराई’ म्हणजे महाराजांच्याच हातचं नाणं, असं समजणं चूक. जुनी शिवराई जाड असते, साधारण 11 ते 13 ग्रॅमची. नंतरच्या हलक्या. ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी, म्हणजे उशिराची. छाप मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच मिळतो. एकावर ‘राजा’ उमटलेलं असतं, दुसऱ्यावर ‘शिव’ कडेला कापलेलं. शिव, सिव, सीव अशी लेखनंही निरनिराळी. हे वाचायला बसलं की मला जेवणाची आठवण राहत नाही.

त्या दिवशीचं पोतं सासवडकडच्या एका मोडवाल्याचं होतं. वरचा माल नेहमीचाच. तळाशी गोणपाटाच्या तुकड्यात बांधलेला एक गठ्ठा निघाला आणि त्याच्याबरोबर काही सुट्या शिवराया. गठ्ठ्यातली नाणी एकमेकांना चिकटलेली होती, मधे गडद हिरवा, दगडासारखा कडक कळंक. कडा मोजल्या तर सत्तावीस भरल्या. गठ्ठ्याची एक बाजू गोलसर वळलेली आणि त्या बाजूला भाजक्या मातीची नखाएवढी खापरी अडकलेली. चौदा सुटी नाणीही त्याच कळंकाची, वाटेत हिसके बसून निघालेली. भिंग लावून पाहिलं तर ठिपक्यांच्या खाचांत माती होती, लाल, जांभ्याची. सासवडची माती अशी नसते.

हा हंडा होता, पुरलेला, आणि नुकताच उकरलेला. पोत्यात रोज येणारी नाणी शंभर घरांतून गोळा झालेली असतात, त्यांचा एकमेकींशी संबंध नसतो. इथे मात्र कुणीतरी एका दिवशी, एका भांड्यात, त्या दिवशी चालणारा पैसा ठेवला होता. अशा ठेव्याचा काळ त्यातल्या सर्वांत उशिराच्या नाण्यावरून ठरतो. चौदांपैकी बारा शिवराया, सगळ्या जाड, 11 ग्रॅमच्या वरच्या. दुदांडी एकही नाही. उरलेल्या दोन नाण्यांवर फारसी अक्षरं, एकावर ‘गुलाम मुर्तझा अली’ लागलं, म्हणजे आदिलशाही फलूस, विजापूरकरांचं तांब्याचं नाणं. हे सगळं सतराव्या शतकाच्या शेवटाकडे बोट दाखवतं. पण गठ्ठ्याच्या पोटात काय आहे ते मला दिसत नाही. तिथे एक जरी दुदांडी निघाली तरी माझा अंदाज शंभर वर्षांनी सरकेल.

काका आत आले, गठ्ठा हातात घेतला आणि म्हणाले, “तेजाबात टाक. तासाभरात सुट्या होतील. गठ्ठा कोण घेणार?”

“काका, सुट्या केल्या की ही फक्त एकेचाळीस नाणी उरतील. आत्ता तो एक ठेवा आहे.”

“आणि ही लाल माती म्हणजे घाटाखालची ना? महाड, पोलादपूर?” काकांनी बरोबर ताडलं. “मग ‘रायगडाजवळची’ म्हणून विकू. दुप्पट भाव.”

काका वाईट माणूस नाही. त्यांना शिवराईची पारख माझ्यापेक्षा जास्त आहे, मला शिकवलं त्यांनीच. पण या धंद्यात गाव म्हणजे भाव वाढवायला लावायची चिठ्ठी, एवढंच झालंय. कोणत्या गावात, किती खोल, घराच्या पायात की बांधावर, हे कळलं तर त्या काळी तिथे तांब्याचा पैसा कसा फिरत होता हे सांगता येईल. नुसतं ‘रायगडाजवळची’ म्हटलं तर ती थाप.

मोडवाल्याला फोन केला. “ताई, वजन केलं, पैसे दिले. कुठून आलं ते आम्ही इचारत नाही.” दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा चहा दिला, बसवलं. मग सांगितलं त्याने. पोलादपूरकडच्या एका जेसीबीवाल्याने आणून दिलं होतं, खोदताना घागर फुटली म्हणाला. आणि जे आधीच सुटं होतं ते, दोनेक किलो, मोडवाल्याने गेल्या खेपेलाच भट्टीवाल्याला घातलं होतं. शिवराईच आहे, हे त्याला माहीत होतं. “पोलिसांचं लचांड नको, म्हणून.”

त्याला मी दोष देऊ शकत नाही. निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या ठेव्याचा, कायदा 1878 चा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं, नाहीतर दंड किंवा तुरुंग. आणि सरकारला तो ठेवा हवा असेल तर मोबदला काय, तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश. सोन्याला ते ठीक. तांब्याच्या एकेचाळीस नाण्यांचा मोडभाव काही शे रुपये, त्यावर वीस टक्के. इकडे एकेका चांगल्या शिवराईला बाजारात त्याहून जास्त मिळतात. जेसीबीवाल्याने कामधंदा बुडवून, साहेबांचे प्रश्न झेलून हे कशासाठी करावं? ज्यांनी हा कायदा तसाच ठेवलाय त्यांच्यामुळे हंडे भट्टीत जातात, असं माझं स्पष्ट मत आहे. मी स्वतः एका सरकारी कचेरीत फोन केला तर पलीकडून पहिला प्रश्न आला, “सोनं आहे का?” तांबं म्हटल्यावर फोन दुसऱ्या टेबलाकडे फिरला आणि तिथे वाजत राहिला.

काकांशी दोन दिवस वाद घातला. शेवटी त्यांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली. गठ्ठा मी कोरड्या डब्यात ठेवला आहे. चौदा सुट्यांना क्रमांक दिले, वजनं लिहिली, दोन्ही बाजूंचे फोटो काढले, खाचेतली माती वेगळ्या पुडीत बांधली. खापरीला हात लावलेला नाही. नाणकशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांना सगळं कळवलंय. गठ्ठा प्रयोगशाळेत सोडवता येईल, पण तो रीतसर सरकारजमा झाल्यावरच, असं त्यांनी लिहिलं. म्हणजे परत त्याच कचेरीत जायचं, या वेळी लेखी अर्ज घेऊन. काकांनी त्यावर सही करायला हवी, आणि ते अजून ‘बघू’ म्हणतायत.

मोडवाला मला त्या जेसीबीवाल्याशी गाठ घालून द्यायला तयार झालाय, त्याचं नाव कुठे लिहायचं नाही या अटीवर. मला नाव नकोच आहे. त्याने फक्त ती जागा दाखवावी आणि घागर उभी होती की आडवी, तोंडावर झाकण होतं का, एवढं आठवून सांगावं.