लगद्याचे चाळीस मुखवटे: चौथीच्या वर्गाची कामनोंद

वर्ग चौथी, पट ४०. आठवड्यातून एकदा ३५ मिनिटांच्या दोन तासिका जोडून. डिसेंबरअखेरच्या स्नेहसंमेलनात घालून नाचता येतील असे मुखवटे हवे आहेत. गोष्ट म्हातारी आणि भोपळ्याची, म्हणजे म्हातारी, वाघ, कोल्हा, भोपळा. आठ-आठ मुलांचे पाच गट पडतात म्हणून अस्वलही घुसवलं. गोष्टीला त्याने काही बाधा येत नाही.

सगळं वेळापत्रक वाळण्याच्या हिशोबाने उलटं मांडलं आहे. हाताचं काम सहा जोड तासिकांचं, म्हणजे सात तासांचं. बाकी दिवस मुखवटा नुसता पडून वाळतो. आठवड्यातून एकदाच तासिका मिळते ही एरवीची तक्रार इथे सोयीची ठरते.

ऑगस्ट, नमुने

पावसाळ्यात चार नमुने केले, चारही वेगवेगळ्या पद्धतीने. पहिल्यावर एकाच दिवशी खळीत (मैद्याच्या शिजवलेल्या चिकीत) बुडवलेल्या कागदाच्या पट्ट्यांचे चार थर चढवले. वरून कडक, आतून ओला. पाचव्या दिवशी आतल्या बाजूने काळे ठिपके, म्हणजे बुरशी. दुसऱ्याच्या खळीत टिकाऊपणासाठी मीठ घातलं होतं. मीठ हवेतली ओल ओढतं, त्यामुळे तो पंधरा दिवसांनीही हाताला दमट लागत होता. तिसरा केस वाळवायच्या यंत्राने घाईत वाळवला. वरची कातडी आधी आवळली, आतला ओलावा कोंडला आणि कडा बोटभर वर वळल्या. चौथ्याला दोन-दोन थर चढवले, मध्ये चार दिवस पंख्याखाली ठेवला. तोच धड निघाला.

तेव्हा ठरलं: एका वेळी दोन थर, त्याहून जास्त नाही, आणि मुलांचं काम दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू. कोकणात किंवा घाटमाथ्यावर शाळा असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये लगद्याच्या वाटेला जाऊच नये, त्या दिवसांत कोलाज बरं.

आठवडा १: साचा

फुग्यावर मुखवटा करण्याची पद्धत सगळीकडे चालते, पण चाळीस फुग्यांत आठ-दहा फुटतातच. उरलेले रात्रीच्या गारव्याने आक्रसतात आणि ओला थर सुरकुततो. शिवाय प्रत्येक तोंड भोपळ्यासारखं गोल होतं. भोपळ्याच्या गटाला चालेल, कोल्ह्याचं काय?

म्हणून साचा रद्दीचा. २० × २५ सेंमीचा खोक्याचा पुठ्ठा, त्यावर चुरगळलेल्या रद्दीचा उंचवटा (मध्यभागी ७-८ सेंमी), वर आडवी-उभी चिकटपट्टी. त्यावर दुधाच्या एक लिटरच्या पिशव्या कापून, धुऊन, उलगडून ताणून बसवायच्या. एकाला दोन पिशव्या पुरतात. प्लास्टिकला खळ धरत नाही, त्यामुळे मुखवटा अलगद सुटतो. पिशव्या मुलांना महिनाभर आधी सांगाव्या लागतात. आदल्या दिवशी सांगितलं तर निम्म्या येतात आणि त्यातल्या काही आंबूस वासाच्या.

साच्याच्या मागे नाव आणि हजेरी क्रमांक तेलखडूने. पेनची शाई खळीत उतरते.

आठवडा २: खळ आणि पहिले दोन थर

४० मुखवट्यांच्या सगळ्या थरांना मिळून साधारण साडेचार लिटर खळ लागते, पण एका वेळी निम्मीच करावी. प्रमाण: मैदा १ वाटी, गार पाणी १ वाटी, उकळतं पाणी ५ वाट्या. मैदा आधी गार पाण्यात गुठळी न राहता कालवायचा, मग उकळत्या पाण्यात बारीक धारेने सोडत ढवळायचं. मैदा थेट उकळत्या पाण्यात टाकला की गाठी होतात आणि मग कितीही घोटा, त्या फुटत नाहीत.

खळ झाली हे रंगावरून कळतं. आधी दुधासारखी पांढरी असते, दोन-तीन मिनिटांत निळसर-काचेरी दिसू लागते आणि बुडबुडे जड होऊन भप-भप फुटतात. तिथे गॅस बंद. पांढरी असतानाच उतरवली तर कच्ची राहते आणि वाळल्यावर कागदाचे पापुद्रे सुटतात. गार झाल्यावर आणखी घट्ट होते, म्हणून कढईत ती वाटते त्यापेक्षा पातळच असावी. लिटरला अर्धा चमचा तुरटीची पूड आणि चार थेंब लवंगेचं तेल. बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालतात. ते विषारी आहे, मुलांच्या हाताला अजिबात नको. दुसऱ्या दिवशी खळीला पाणी सुटलं किंवा आंबट वास आला तर ओतून द्यायची.

कागदाचा हिशोब: वर्तमानपत्राचा एक मोठा दुपानी ताव म्हणजे साधारण १८ ग्रॅम. चार थरांना एक ताव, नाक-कान-भुवयांच्या लगद्याला दीड. चाळीस मुलांचे १०० ताव, म्हणजे पावणेदोन-दोन किलो रद्दी. गुळगुळीत रंगीत पुरवण्या बाजूला काढा, तो कागद खळ पीत नाही.

पट्ट्या कात्रीने कापू नयेत, फाडाव्यात. फाटलेली कड तंतूतंतू असते, ती खालच्या कागदात मिसळून जाते. कापलेली कड रंगवल्यावरही पायरीसारखी दिसते. ताव वरून खाली फाडला की सरळ फाटतो, आडवा फाडला की वाट्टेल तसा. सपाट भागाला २.५ × १० सेंमी, उंचवट्याला त्याच्या निम्म्या.

पहिला थर मराठी वर्तमानपत्राचा, दुसरा इंग्रजीचा. कुठे राहिलं ते मुलांना स्वतःलाच दिसतं आणि ‘झालं का?’ हा प्रश्न चाळीस वेळा ऐकावा लागत नाही. पट्टी खळीत बुडवून दोन बोटांच्या चिमटीतून ओढून काढायची. हे चिमटीतून काढणं पहिली दहा मिनिटं करवून घ्यावं, कारण मुलांना खळ आवडते आणि ती सढळ हाताने लावतात. जितकी खळ जास्त, तितकं वाळणं लांबतं.

आठवडा ३: पुढचे दोन थर

पहिले दोन थर ऊन मिळालं त्या वर्गखोलीत दोन दिवसांत वाळले, उत्तरेच्या खोलीत पाच. टकटक वाजवून बघायचं. खणखण वाजलं तर कोरडं, बद्द वाजलं तर अजून आत ओल आहे. तीन मुखवट्यांच्या कडा उचलल्या गेल्या होत्या. पट्ट्या साच्याच्या कडेवर न दुमडता तिथेच सोडल्याचा हा परिणाम. ओल्या खळीचा हात फिरवून, दुमडून, चिमटे लावून बसवल्या. साच्यावरून मुखवटा चारही थर वाळेपर्यंत उचलायचा नाही.

आठवडा ४: लगदा

सगळा रंग-ढंग इथे येतो आणि गोंधळही इथेच होतो.

साठ ताव रुपयाच्या नाण्याएवढे फाडून रात्रभर पाण्यात भिजवले. मिक्सरमध्ये एक मूठ कागदाला तीन मुठी पाणी, दहा-दहा सेकंदांच्या झटक्यात. घट्ट भरून सलग फिरवलं तर मोटार तापते. वाटलेला कागद जुन्या धोतराच्या फडक्यात पिळायचा, पण अगदी कोरडा नाही. मुठीत दाबल्यावर लाडू वळला आणि बोटांमधून एखादाच थेंब आला की पुरे.

लगदा ४ वाट्या, घट्ट खळ १ वाटी, शाडू माती १ वाटी, मेथीची पूड २ चमचे. शाडूने नाक-डोळ्यांच्या कडा नीट उठतात. दोन वाट्या घातली तर मुखवटा जड होतो आणि पडला की टवका उडतो. मेथीने चिकटपणा येतो आणि किडीपासून थोडा बचाव होतो. वास मात्र दोन दिवस वर्गात राहतो, लाडवांचा भास होतो.

जाडी १ सेंमीच्या वर जाऊ द्यायची नाही. कोल्ह्याचं नाक सगळं लगद्याचं करायला गेलं की आतून महिना लागतो आणि बाहेर भेगा. आठपैकी तीन नाकांना तशा पडल्याच. उपाय: अंड्याच्या ट्रेचा कोन आधी चिकटपट्टीने बसवून त्यावर ४-५ मिमीचाच थर. पडलेल्या भेगांत जास्त खळीचा सैल लगदा ओल्या बोटाने भरला. लगदा बसवण्याआधी खालच्या कागदाला खळीचा हात हवा, नाहीतर वाळल्यावर भुवई अख्खीच्या अख्खी गळून हातात येते.

डोळ्यांची जागा: मुलं डोळे कपाळावर काढतात, हमखास. पुठ्ठ्याच्या उंचीच्या निम्म्यावर आडवी रेघ मारून दिली, दोन डोळ्यांच्या मध्यबिंदूंत साडेपाच सेंमी. भोकं २.५ सेंमीची, त्याहून लहान असतील तर नाचताना मुलं एकमेकांवर आदळतात. कटर शिक्षकांच्याच हातात, आणि तेही मुखवटा साच्यावरून निघाल्यावर.

नमुना म्हणून बोहाडा या सोंगांच्या उत्सवातले मुखवटे दाखवावेत. पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडे गणपती, नृसिंह, रावण अशी सोंगं मुखवटे चढवून नाचवतात. मोठे डोळे, ठळक काळी रेघ, सपाट भडक रंग. रंगमंचावरचा मुखवटाही लांबूनच बघितला जातो, तेव्हा शेवटच्या रांगेला काय दिसेल याचा धडा तिथून घ्यावा. देवांचे मुखवटे मात्र वर्गात करायला देऊ नयेत. अर्धवट राहिलेला किंवा चेपलेला मुखवटा कचऱ्यात टाकायची वेळ येते आणि त्यावरून घरी प्रश्न निघतात.

आठवडा ५: अस्तर

या वेळी चाळीसपैकी ३८ मुखवटे पूर्ण कोरडे. दोन जाड नाकाचे मागे राहिले, ते दुपारच्या उन्हात पालथे टाकले. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने खडबडीत जागा शिक्षकांनी मैदानात, नाकाला रुमाल बांधून घासल्या. शाडूची धूळ मुलांच्या वर्गात नको.

अस्तराला खडूची पावडर ३ भाग, फेविकॉल १ भाग, पाणी ताकाइतकं पातळ होईपर्यंत. दोन हात. हे टाळलं तर पिवळ्या वाघाच्या गालावर कालच्या बाजारभावाचे आकडे वाचता येतात.

आठवडा ६: रंग

नुसते पोस्टर रंग वापरले तर अडचण होते. पहिला हात वाळल्यावर दुसरा दिला की पाण्याने खालचा विरघळतो. वाघाच्या पिवळ्यावर काळे पट्टे ओढताना हिरवट चिखल होतो, म्हातारीच्या पांढऱ्या केसांवर कुंकवाचा लाल ओघळला की केस गुलाबी. पाच चमचे रंगात एक चमचा फेविकॉल कालवलं की वाळलेला हात उठत नाही. मात्र ब्रश त्याच तासिकेत धुवायचे, दुसऱ्या दिवशी त्यांची काडी झालेली असते.

क्रम: आधी मोठे फिके भाग, मग गडद, काळी रेघ शेवटी. अस्वलाला पूर्ण काळा दिला की नाक-डोळे हरवतात. तपकिरीत थोडा काळा मिसळावा आणि उंचवट्यांवर कोरड्या ब्रशने फिका तपकिरी ओढावा.

चमक यावी म्हणून वरून फेविकॉल-पाण्याचा हात दिलेले सहा मुखवटे एकावर एक रचले होते. सकाळी ते एकमेकांना चिकटलेले मिळाले आणि सोडवताना दोन वाघांचे गाल सोलले. दुरुस्ती झाली, पण पुढच्या खेपेला चमक नको. मुखवटे सुट्या खिळ्यांवर टांगावेत, किंवा रचायचेच तर मध्ये वर्तमानपत्र घालून.

बांधायला इलॅस्टिकपेक्षा नाडी बरी, डोक्याच्या मापाला सैल-घट्ट करता येते. डोळ्यांच्या रेषेपासून १ सेंमी वर दोन्ही कडांना भोक, त्यामागे आतून पुठ्ठ्याची दोन सेंमीची चकती चिकटवलेली, नाहीतर तालमीतच भोक फाटत कडेपर्यंत जातं. कपाळाला टेकणाऱ्या जागी आतून स्पंजचा तुकडा. त्याने मुखवटा चेहऱ्यापासून थोडा पुढे राहतो, श्वासाने आतला कागद भिजत नाही आणि संवादही ऐकू येतात.

शिल्लक: चार वाट्या लगदा. पिळून, चपट्या वड्या थापून उन्हात कडक वाळवल्या आहेत. पुन्हा भिजवून, ताजी खळ घालून जानेवारीत तिसरीला वाट्या करायला पुरतील.