तुम्ही विचारलंत म्हणून: वर्गात रक्ताचा नमुना दाखवायच्या बाटलीत हळदीचं पाणीच का?

"बाई, रक्त तांबडं असतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मग तुमच्या बाटलीत पिवळं पाणी कसं?" विज्ञान प्रदर्शनात पालक विचारतात, नवे शिक्षक विचारतात, एकदा तर तपासणीला आलेल्या साहेबांनीही विचारलं. खायचा लाल रंग टाकला की झालं की!

मीही तेच करत होते, बरीच वर्षं. लाल पाण्यात मसूर न् शाबू सोडायचे आणि म्हणायचं, हे बघा रक्त. मग एका पावसाळ्यात वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांना डेंग्यू झाला. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणारा धट्टाकट्टा माणूस. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, उतरल्या म्हणून दवाखान्यात पिशवी लावली, ती पिवळसर. पोरगी घरी येऊन आजीला म्हणाली, "पप्पांना रक्त नाय दिलं, नुसतं पिवळं पाणी चढवलंय." आजीनं तिथं जाऊन डॉक्टरांशी भांडण काढलं. आजीचं काय चुकलं? पोरीला रक्त मी शिकवलं होतं.

प्लेटलेट देतात त्या रक्तद्रवात, म्हणजे रक्तातल्या पाण्यासारख्या भागात, तरंगत असतात, आणि रक्तद्रव गव्हाच्या काडासारखा फिकट पिवळा. रक्ताचा तांबडेपणा तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनचा, पाण्याचा नव्हे. तेव्हापासून हळद. ती आमच्याकडं कुणाला विकत आणावी लागत नाही. पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून चिमूटभर घेऊन फडक्यातून गाळते.

बाटली अर्ध्याला थोडी कमी मसूरडाळीनं भरायची. अख्खा मसूर नको, तो ढाब्यावर शोभतो. सालं काढलेली तांबडी डाळ. वरून हळदीचं पाणी. रक्तात पेशी साधारण ४५ टक्के आणि रक्तद्रव ५५, तोच हिशेब. जोरात हलवली की लांबून सगळं तांबडं दिसतं. ठेवून दिली की डाळ खाली बसते आणि वर पिवळं उरतं. एवढ्यावरच निम्मा वर्ग गप्प होतो. मसुराला एक खोट आहे, तो मधे फुगीर असतो. तांबडी पेशी दोन्हीकडून दबलेली असते, म्हणून कणकेची गोळी चपटी करून दोन बोटांत चिमटायला लावते.

पण माझा जीव आहे तो मोजणीवर. एक घनमिलीमीटर रक्तात तांबड्या पेशी ५० लाखांच्या आसपास, पांढऱ्या ४ ते ११ हजार, प्लेटलेट दीड ते साडेचार लाख. हे आकडे फळ्यावर लिहिले की मुलं उतरवून घेतात आणि विसरतात. म्हणून त्याच प्रमाणात ताटात मसूर मोजायला लावते, दहा-दहाच्या ढिगाऱ्यांनी, ७००. चुकतात, भांडतात, परत मोजतात. अर्धा तास जातो, आणि ढीग मूठभरही होत नाही. मग मोहरीचे ३५ दाणे, त्या प्लेटलेट. आणि शेवटी भिजवलेला शाबू, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीसारखा पारदर्शक आणि मसुरापेक्षा मोठा. एक.

"बाई, एकच?"

हा प्रश्न दर वर्षी येतो, आणि तो येईपर्यंत मी तोंड उघडत नाही. मग म्हणते, आता या ताटात जंतू शिरले असं समजा. कुणीतरी लगेच शाबूची वाटी ओढतं. ताप आल्यावर डॉक्टर पेशी मोजायला का सांगतात, हे मग वेगळं समजवावं लागत नाही. रक्त गोठण्याचा धडा मी लवकर उरकते. गुडघ्यावरच्या खपल्या सगळ्यांकडं असतातच, त्या दाखवायची हौसही असते.

हळदीनं एकदा मला तोंडावर पाडलंय. तास संपल्यावर एका पोरानं बाटली कपड्याच्या साबणानं घासायला घेतली. हळदीला साबणातला क्षार लागला की ती तांबडी होते, हे हळदीच्या गावात राहून मी विसरले होते. पोरगं बाटली नाचवत वर्गात आलं, "बाई, पाणीच तांबडं झालं! तुम्ही तर नाय म्हणत होता!" पुढचा अख्खा तास रक्त बाजूला आणि साबण, चुना, लिंबू पुढं.

आता बाटल्या नुसत्या पाण्यानं विसळतो. ७०० मसूर पुरचुंडीत बांधून कपाटात ठेवलेत, मोहरीही. मोजणी चुकवायला त्यात थोडे जास्तीचे टाकते. शाबू मात्र तासाच्या गडबडीत दर वर्षी हरवतो.